रंग न लावता पेशी कशा दिसतात?

पॅथॉलॉजीच्या स्लाइडवर जी गुलाबी-जांभळी नक्षी दिसते, तिच्यातला एकही रंग पेशंटच्या शरीरातला नसतो. बायोप्सीचा तुकडा चार-पाच मायक्रॉन जाडीचा कापला (केसाच्या जाडीचा दहावा हिस्सासुद्धा नाही) की तो काचेवर जवळपास दिसेनासाच होतो. पेशीत बहुतांश पाणी. उरलेल्यात प्रथिनं, मेद, डीएनए, आणि यांतलं कुणीच डोळ्यांना दिसणारा प्रकाश फारसा शोषत नाही. जांभळा रंग येतो तो हिमॅटॉक्सिलिनचा. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून हे द्रव्य काढतात. गुलाबी रंग इओसिनचा, तो कारखान्यात बनतो. पहिला पेशीच्या केंद्रकाला धरतो, दुसरा बाकीच्या बहुतेक सगळ्याला. शंभराहून जास्त वर्षं जगभरातलं कॅन्सरचं निदान या जोडगोळीच्या भरवशावर चाललं आहे.

तो रंग चढवणं हे मोठं किचकट काम असतं. तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरतो. मग वाढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातलं पाणी काढायचं, मग झायलिन, मग वितळलेलं पॅराफिन मेण. मेण गार होऊन घट्ट झालं की तो झाला ब्लॉक. मायक्रोटोमवर ब्लॉकच्या चकत्यांची सलग रिबीन निघते, ती कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलतात, मेण पुन्हा विरघळवून काढतात आणि त्यानंतर रंग. टाटा हॉस्पिटलला दुसऱ्या मतासाठी निघालेल्या माणसाला 'ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या' असं सांगतात, ते हेच. रिपोर्ट यायला दोन-चार दिवस का लागतात, हेही यातून कळतं.

या पद्धतीच्या दोन अडचणी आहेत. पहिली वेळेची, आणि दुसरी अशी की रंगवलेली पेशी मेलेली असते. ती शेवटी कशी दिसत होती ते कळतं, पण जिवंत असताना काय करत होती ते कळत नाही. जिवंत पेशींना चमकणारे रेणू चिकटवून पाहायची सोय आहे. जेलीफिशमधल्या हिरव्या चमकत्या प्रथिनाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते त्याचसाठी. पण असे रेणू प्रखर प्रकाशात विझतात, कधी पेशीचं वागणंच बदलून टाकतात, आणि माणसाच्या शरीरात घालायचे म्हटले तर अशा प्रत्येक रेणूसाठी औषधासारखी परवानगी लागते. म्हणून गेल्या तीसेक वर्षांत संशोधकांनी दुसरी वाट जोरात धरली आहे. बाहेरून काहीच लावायचं नाही. ऊतीवर प्रकाश टाकायचा आणि ऊतीने त्या प्रकाशाचं काय केलं ते मोजायचं. याला लेबल-फ्री इमेजिंग म्हणतात.

ऊती प्रकाशाचं काय काय करते? शोषते, वाकवते, विखुरते आणि काही वेळा स्वतः चमकते. मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरला की हात लाल दिसतो, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश खाऊन टाकतं आणि लाल जाऊ देतं. लालच्या पलीकडे, साधारण ७०० ते १३०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, ऊती प्रकाशाला त्यातल्या त्यात बरी वाट देते. या लेखातली बहुतेक यंत्रं त्याच पट्ट्यात काम करतात.

वाकवण्याचा उपयोग सर्वांत आधी झाला. प्रकाश वाकतो तो त्याचा वेग बदलल्यामुळे. केंद्रकातून जाणारा प्रकाश भोवतालच्या द्रवातून जाणाऱ्या प्रकाशापेक्षा थोडा मागे पडतो. हा मागेपणा डोळ्याला दिसत नाही. डच शास्त्रज्ञ फ्रिट्स झर्निके यांनी १९३० च्या दशकात त्याचं रूपांतर उजेड-अंधाराच्या फरकात करून दाखवलं. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक तो हाच. झर्निके यांनी तो जर्मनीतल्या झाइस कंपनीला दाखवला, तेव्हा यात काही अर्थ असता तर आम्हीच केलं असतं, अशा आशयाचं उत्तर त्यांना मिळालं होतं. १९५३ साली याच कामाला नोबेल मिळालं. पेशी वाढवणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत आज तो सूक्ष्मदर्शक असतो.

मधुमेह असणाऱ्या बऱ्याच वाचकांचा अशा एका यंत्राशी परिचय झालेलाही असेल. डोळ्यांचे डॉक्टर 'ओसीटी काढून घ्या' म्हणतात, तेव्हा हनुवटी टेकवून समोरच्या खुणेकडे बघायचं असतं आणि काही सेकंदांत डोळ्यातल्या पडद्याचा (रेटिनाचा) उभा छेद स्क्रीनवर येतो. पूर्वी पडद्याच्या रक्तवाहिन्या बघायच्या तर हातातल्या शिरेतून फ्लुरोसिनचं इंजेक्शन देत. अंगावर पिवळी झाक येई, लघवी दिवसभर पिवळीजर्द होई, एखाद्याला मळमळे, क्वचित कुणाला ॲलर्जीही होई. ती तपासणी बंद झालेली नाही, पण बऱ्याच पेशंटांवरची तिची वेळ ओसीटीमुळे टळते. ओसीटी करते ते असं : प्रकाश आत पाठवायचा आणि कोणत्या थरावरून तो किती उशिरा परत आला ते मोजायचं. सोनोग्राफीत आवाजाचं हेच करतात. अडचण एवढीच की सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातल्या साधारण तीन भागांत प्रकाश एक मिलिमीटर अंतर कापतो, आणि एवढा छोटा वेळ मोजणारं घड्याळ कुठलं आणणार? म्हणून वेळ मोजायचाच नाही. त्याच प्रकाशाचा दुसरा भाग माहीत असलेल्या अंतरावरून फिरवून आणायचा, दोन्ही एकमेकांत मिसळायचे आणि लाटा कुठे जुळतात ते पाहायचं. १९९१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जेम्स फुजिमोतो, डेव्हिड हुआंग आणि सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. आता त्याच यंत्रातून, रक्तपेशींच्या हालचालीवरून, रक्तवाहिन्यांचा नकाशाही निघतो, इंजेक्शनशिवाय.

पण ओसीटी थर दाखवते. तो थर कशाचा बनला आहे, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी प्रकाशाला रेणूंपर्यंत न्यावं लागतं आणि तिथे आपल्याला कोलकात्याला जावं लागतं.

२८ फेब्रुवारी १९२८. बोबाझार स्ट्रीटवरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांना द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात मुळात नसलेले रंग सापडले. एका रंगाचा प्रकाश रेणूवर आदळला की बहुतेक सगळा त्याच रंगाचा परत येतो. पण कोटभर प्रकाशकणांतला एखादा आपली थोडी ऊर्जा रेणूला देऊन बसतो आणि स्वतः थोडा तांबडा होऊन बाहेर पडतो. किती ऊर्जा दिली ते रेणूच्या कंपनावर ठरतं, आणि ते कंपन प्रत्येक रासायनिक बंधाचं आपलं आपलं असतं. म्हणजे बाहेर आलेल्या प्रकाशाचा रंग मोजला की आत कोणते बंध आहेत ते कळतं. रंग लावण्याची गरजच नाही, कारण रेणू स्वतःच आपली ओळख सांगतोय. १९३० साली रामन यांना नोबेल मिळालं, आणि आपण दर वर्षी त्या तारखेला विज्ञान दिन साजरा करतो. भाषणं होतात, आकाश निळं का, समुद्र निळा का, हे सांगितलं जातं. याच शोधावर आज मेंदूच्या शस्त्रक्रियेत गाठ ओळखतात, हे त्या भाषणांत यायला हरकत नाही.

गोम त्या 'कोटभरातल्या एखाद्या'त आहे. एवढा क्षीण प्रकाश गोळा करायचा तर एका बिंदूला सेकंद दोन सेकंद सहज लागतात. दहा लाख बिंदूंचं चित्र काढायचं तर दिवसच्या दिवस जातील, आणि ऑपरेशन टेबलवर पेशंट थांबणार आहे थोडाच!

यातून सुटका झाली ती दोन लेझर वापरून. मेदाच्या रेणूंमध्ये कार्बनला दोन हायड्रोजन जोडलेल्या कड्यांची लांबच लांब साखळी असते. हे बंध सेकंदाला सुमारे ८५ लाख कोटी वेळा ताणले-आकसले जातात. प्रथिनांत कार्बनला तीन हायड्रोजन असलेले गट जास्त, त्यांचं कंपन थोडं जलद, सुमारे ८८ लाख कोटी. आता दोन लेझर असे निवडायचे की त्यांच्या वारंवारितांमधला फरक नेमका ८५ लाख कोटी भरेल. दोन्ही एकाच बिंदूवर पडले की मेदाच्या बंधांना त्यांच्याच तालात धक्के बसू लागतात. झोपाळ्याला वेळ साधून झोका दिला की तो चढत जातो, वेळ चुकली तर अडखळतो, तसंच. बंधांना लागणारी ऊर्जा पहिल्या लेझरच्या खिशातून जाते आणि त्याची तीव्रता अगदी किंचित घटते, दहा हजारात एखादा भाग, कधी त्याहूनही कमी. ही घट पकडण्यासाठी दुसरा लेझर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतात आणि पहिल्यामध्ये त्याच तालावर होणारी चढउतार तेवढी मोजतात, म्हणजे बाकीचा गोंगाट आपोआप गळून पडतो. बिंदूवर मेद नसेल तर घट नाही. उत्तेजित रामन परिणाम हा १९६२ पासून माहीत होता, पण ऊतीचं चित्र काढण्याइतका तो माणसाळला २००८ मध्ये, हार्वर्डच्या सनी शिये यांच्या प्रयोगशाळेत. एका बिंदूला लागणारा वेळ सेकंदावरून मायक्रोसेकंदांवर आला.

मेंदूला हे तंत्र फार मानवलं. मेंदूच्या पांढऱ्या भागातले तंतू मायलिनच्या वेष्टनात असतात आणि मायलिन म्हणजे मुख्यतः मेद. निरोगी भाग मेदाच्या तालावर झळझळून उठतो. गाठ वाढते तिथे मायलिन विस्कटतं, केंद्रकांची गर्दी होते, आणि केंद्रकात मेद कमी आणि प्रथिन-डीएनए जास्त. म्हणून दोनच चित्रं काढायची, एक मेदाच्या तालावर, एक प्रथिनाच्या. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की केंद्रकं उठून दिसतात. मग संगणक मेदाला गुलाबी आणि केंद्रकाला जांभळा रंग देतो. हा रंग खोटा आहे आणि मुद्दाम तसा निवडलेला आहे. पॅथॉलॉजिस्टचा डोळा वर्षानुवर्षं ज्या रंगांवर घडला त्याच रंगांत चित्र दिलं की त्यांना नव्याने काही शिकावं लागत नाही. मला यातला हा शहाणपणा फार आवडतो, कारण यंत्र बनवणारे बहुधा माणसानेच यंत्राची भाषा शिकावी असा आग्रह धरतात.

ऑपरेशन चालू असतानाच निदान हवं असलं तर थिएटरमधून आजवर 'फ्रोझन' पाठवतात. तुकडा गोठवायचा, कापायचा, घाईने रंगवायचा. वीस-तीस मिनिटं जातात, सर्जन आणि भूलतज्ज्ञ कवटी उघडी ठेवून थांबलेले. त्यात मेंदूची ऊती पाणीदार, गोठताना बर्फाचे स्फटिक होतात आणि चकतीत भोकं पडतात. रामन पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा दोन काचांमध्ये दाबून थेट यंत्रात सरकवायचा. ना गोठवणं, ना कापणं. न्यूरोसर्जन डॅनिअल ऑरिंजर आणि टॉड हॉलन यांच्या गटाने २०२० साली 'नेचर मेडिसिन'मध्ये २७८ रुग्णांची तुलना मांडली. प्रत्येकाच्या तुकड्याचे दोन भाग केले. एक भाग नेहमीच्या वाटेने पॅथॉलॉजिस्टकडे गेला, दुसऱ्याचं रामन चित्र काढून ते अशी चित्रं ओळखायला शिकवलेल्या संगणक-प्रणालीला (न्यूरल नेटवर्कला) दिलं. संगणकाचं निदान ९४.६ टक्के बरोबर, पॅथॉलॉजिस्टचं ९३.९ टक्के, म्हणजे बरोबरीच. फरक वेळेत होता. संगणकाला चित्रासकट अडीच मिनिटांच्या आत उत्तर देता आलं. या आकड्यांपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते : दोघांच्या चुका एकाच नमुन्यांत नव्हत्या. एकाच्या जोडीला दुसरा ठेवण्यात अर्थ आहे तो यामुळे.

ग्लायोमासारख्या मेंदूच्या गाठीची मुख्य पंचाईत गाठ ओळखण्यात नसतेच. तिला कडा नसते. पेशी निरोगी मेंदूत पसरत गेलेल्या असतात, आणि सर्जनने थांबायचं कुठे हा प्रश्न प्रत्येक मिलिमीटरला पडतो. जास्त कापलं तर पेशंटची वाचा किंवा हात जाऊ शकतो, कमी कापलं तर गाठ परत येते. ऑरिंजर-हॉलन यांच्याच मंडळींनी २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये फास्टग्लायोमा नावाची प्रणाली मांडली. कापलेल्या पोकळीच्या काठावरचा तुकडा दिला की तिथे किती घुसखोरी उरली आहे ते ती दहाएक सेकंदांत सांगते. शिवाय तुकड्यावर काही लावलेलं नसल्यामुळे तोच तुकडा पुढे नेहमीच्या तपासणीला आणि जनुकीय चाचणीला जाऊ शकतो. लहान बायोप्सीत, जिथे मुळात तुकडाच तांदळाच्या दाण्याएवढा असतो, ही फार मोठी सोय आहे.

आता कोलॅजनकडे. त्वचा, स्नायूबंध, हाडं, अवयवांचा सांगाडा, सगळीकडे कोलॅजनचे तंतू असतात. आणि या तंतूंच्या अंगी एक विलक्षण गुण आहे : प्रखर लेझरचे दोन प्रकाशकण एकदम आले तर ते त्यांना जोडून दुप्पट ऊर्जेचा एकच कण बाहेर सोडतात. ८०० नॅनोमीटरचा न दिसणारा अवरक्त प्रकाश आत जातो, बरोबर ४०० नॅनोमीटरचा जांभळा बाहेर येतो. तंतूत ऊर्जा साठत नाही, काही जळत नाही, विझत नाही. ज्या रचनेला मध्याभोवती सममिती असते तिला हे जमत नाही. कोलॅजनच्या तिपेडी रेणूला तशी सममिती नाही, आणि ते रेणू एका दिशेने रचलेले असतात, म्हणून त्याला जमतं. सेकंद हार्मोनिक जनरेशन हे याचं नाव.

हा परिणाम पहिल्यांदा दिसला तो ऊतीत नव्हे, क्वार्ट्‌झच्या स्फटिकात. १९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी माणिक लेझरचा ६९४ नॅनोमीटरचा लाल झोत क्वार्ट्‌झमधून पाठवला आणि फोटोग्राफिक प्लेटवर ३४७ नॅनोमीटरच्या जागी एक बारीकसा ठिपका उमटला. शोधाचा सगळा पुरावा म्हणजे तो ठिपका. निबंध छापायला गेला, तिथे कुणीतरी तो डाग समजून पुसून टाकला. छापलेल्या चित्रात बाण आहे, बाणाच्या टोकाशी काहीच नाही!

कॅन्सरच्या अभ्यासात हे कोलॅजन-चित्रण फार कामाला आलं. विस्कॉन्सिन विद्यापीठात पॅट्रिशिया कीली, केव्हिन एलिसीरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठींभोवतीचे तंतू पाहिले. काही गाठींत तंतू गाठीच्या कडेला समांतर, तिला वेढून असतात. काहींत ते कडेशी काटकोनात, बाहेरच्या दिशेने ताठ निघालेले असतात. दुसऱ्या प्रकारात पेशी या तंतूंच्या आधाराने बाहेर सरकताना आढळल्या, आणि २०११ मध्ये रुग्णांच्या जुन्या नमुन्यांवर पडताळून पाहिलं तेव्हा अशा रचनेच्या स्त्रियांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण जास्त निघालं. नेहमीच्या गुलाबी स्लाइडमध्ये कोलॅजन असतंच, पण इओसिन सगळ्यालाच गुलाबी करतं, त्यामुळे एकेका तंतूची दिशा हरवते. इथे तंतू सोडून बाकी सगळं काळं राहतं.

आपल्याकडे सुपारी-गुटख्याने होणारा सबम्युकस फायब्रोसिस हा तर सरळसरळ कोलॅजनचाच आजार. गालाच्या आतल्या अस्तराखाली कोलॅजन साठत जातं, गाल ताठ होतो, तोंड उघडेनासं होतं, तिखट सोसत नाही, आणि पुढे काहींना कॅन्सर होतो. तोंड किती बोटं उघडतं यावर आजाराची पायरी ठरवण्याची पद्धत दवाखान्यात आजही आहे. तंतू किती, किती जाड, कसे रचलेले, हे थेट मोजता येणारं साधन अशा आजाराच्या संशोधनात किती उपयोगाचं आहे, ते वेगळं सांगायला नको.

याच दोन-कणांच्या युक्तीचा दुसरा उपयोग पेशीची चूल बघायला होतो. पेशी साखर जाळते तेव्हा ऊर्जेची ने-आण करणारे दोन रेणू असतात, एनएडीएच आणि एफएडी. एनएडीएच हा इलेक्ट्रॉन धरून असताना निळसर चमकतो, सोडून दिल्यावर चमकत नाही. एफएडीचं उलटं, तो रिकामा असताना हिरवट चमकतो. दोघांच्या उजेडाचं गुणोत्तर काढलं की पेशी ऊर्जा कशी मिळवते आहे याचा अंदाज येतो. ब्रिटन चान्स यांनी फिलाडेल्फियात विसाव्या शतकाच्या मध्यावर याचा पाया घातला. अडचण अशी होती की एनएडीएचला चमकवायला अतिनील प्रकाश लागतो, आणि तो पेशीला इजा करतो, खोलही जात नाही. दोन अवरक्त कण एकाच क्षणी एकाच रेणूने शोषले तर तेच काम होईल, हे मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ साली कागदावर मांडलं होतं. प्रत्यक्षात येण्यासाठी १९९० उजाडावं लागलं. तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शक बनवला. दोन कण एकदम येण्याइतकी गर्दी फक्त लेझरच्या केंद्रबिंदूपाशी होते, त्यामुळे वरचे आणि खालचे थर अंधारात राहतात आणि जाड ऊतीतही नेमका हवा तो थर दिसतो.

याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींचं. रुग्णाच्या टी-पेशी काढून, सुधारून, परत त्याच्याच शरीरात सोडण्याचे उपचार आता होतात. परत सोडण्याआधी त्या खरोखर जाग्या झाल्या आहेत का, हे बघायला हवं. पण रंग लावलेल्या पेशी रुग्णाला देता येत नाहीत. म्हणून थोड्या बाजूला काढून त्या रंगवायच्या आणि बाकीच्याही तशाच असतील असं धरून चालायचं, हा नेहमीचा मार्ग. विस्कॉन्सिनच्या मेलिसा स्काला यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं, की एनएडीएच आणि एफएडीची चमक किती नॅनोसेकंद टिकते एवढ्यावरून सुप्त आणि जागी टी-पेशी एकेक करून वेगळी ओळखता येते.

हे सगळं एकाच यंत्रात बसवण्याचेही प्रयत्न आहेत. इलिनॉय विद्यापीठात स्टीफन बोपार्ट यांच्या प्रयोगशाळेने १११० नॅनोमीटरच्या एकाच लेझरने कोलॅजन, एनएडीएच, एफएडी आणि मेद-पाण्याच्या सीमा, अशी चार चित्रं एकदम घेण्याची पद्धत २०१८ मध्ये मांडली. जिवंत प्राण्यातल्या गाठीभोवती पेशींची ये-जा त्यातून बघता येते.

आता मर्यादा. सर्वांत मोठी ही की या पद्धती वर्ग सांगतात, नाव सांगत नाहीत. मेद आहे, प्रथिन आहे, कोलॅजन आहे, इथवर ठीक. पण स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर ईआर, पीआर, हर-टू असं जे लिहिलेलं असतं आणि ज्यावर पुढचं औषध ठरतं, ती विशिष्ट प्रथिनं आहेत. शेकडो प्रथिनांचे बंध जवळजवळ एकाच तालावर हलतात. त्यांतून हर-टू तेवढं वेगळं काढायचं तर त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी लागते, म्हणजे पुन्हा लेबल आलंच. त्यामुळे रंगाच्या बाटल्या लवकरच मोडीत निघणार असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. जिथे मिनिटं मोलाची आहेत, जिथे तुकडा अपुरा आहे आणि जिथे पेशी जिवंत राहायला हवी, तिथे या पद्धतींचं राज्य आहे.

दुसरी मर्यादा खोलीची. ऊती प्रकाश इतका विखुरते की मिलिमीटरभर आत गेल्यावर सूक्ष्म चित्र मिळणं अवघड होतं. लिव्हरच्या मध्यातली गाठ असल्या सूक्ष्मदर्शकाने त्वचेवरून दिसणार नाही. त्याला सीटी-एमआरआयच हवं. आणि काही लावलं नाही म्हणजे अपाय शून्य, असंही नाही. लेझरची मात्रा वाढवली तर पेशी भाजतेच, मेलॅनिन असलेल्या गडद ऊतीत लवकर भाजते.

तिसरी गोष्ट मर्यादा म्हणण्यापेक्षा काळजीची आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेत आयडोगन ओझ्जान यांच्या गटाने न रंगवलेल्या चकतीच्या नैसर्गिक चमकेवरून संगणकाकरवी रंगवलेल्या स्लाइडसारखं चित्र तयार करून दाखवलं. चित्रं इतकी हुबेहूब की पाहणारा फसावा. पण इथे आणि वरच्या मेंदूच्या उदाहरणात एक महत्त्वाचा फरक आहे. मेंदूच्या चित्रात संगणक फक्त मोजलेल्या आकड्याला रंग देतो. इथे तो आधी पाहिलेल्या हजारो जोड्यांवरून इथे काय रंग असायला हवा होता याचा अंदाज बांधतो. शिकताना जो आजार त्याने पाहिलाच नाही, तो समोर आला तर तो काय रंगवेल? अशा प्रणालीचं मूल्यमापन करताना चित्र सुंदर आहे का हे विचारून भागत नाही. दुर्मीळ आणि विचित्र नमुन्यांवर ती किती वेळा नसलेलं केंद्रक काढते, ते विचारावं लागतं.

आपल्या जवळचं काम बघायचं तर खारघरला जावं. टाटा मेमोरियल सेंटरच्याच ॲक्ट्रेक या संस्थेत सी. मुरली कृष्णा यांच्या गटाने रामन पद्धत थेट माणसाच्या तोंडात नेली. इथे चित्र निघत नाही. ७८५ नॅनोमीटरचा लेझर काचतंतूतून गालाच्या आतल्या बाजूला एका बिंदूवर सोडतात, काही सेकंद धरतात आणि परत आलेल्या प्रकाशाचा वर्णपट नोंदवतात. चित्रच काढायचं नसल्यामुळे मूळ, संथ रामन परिणाम पुरतो आणि दोन लेझरांचा खर्चिक थाट लागत नाही. निरोगी गालातून मेदाच्या खुणा ठळक येतात, गाठीतून प्रथिन आणि डीएनएच्या. कॅन्सर होण्याआधीच्या चट्ट्यांचा वर्णपटही वेगळा काढता येतो, हे त्यांनी २०१२ मध्ये दाखवलं.

यात एक पेच लगेच पुढे आला. तंबाखू खाणाऱ्याच्या ज्या गालाला डोळ्यांना काहीही झालेलं दिसत नाही, त्याचा वर्णपटही न खाणाऱ्याच्या गालासारखा येत नाही. वयाप्रमाणेही तो बदलतो. म्हणजे पन्नाशीच्या, वीस वर्षं तंबाखू मळणाऱ्या माणसाची तुलना विशीतल्या निर्व्यसनी विद्यार्थ्याच्या गालाशी केली, तर यंत्र कॅन्सर आणि सवय यांची गल्लत करू शकतं. तुलनेसाठी त्याच वयाचे, तीच सवय असलेले, पण चट्टा नसलेले लोक हवेत. दातांच्या दवाखान्यात किंवा गावातल्या तपासणी शिबिरात असं यंत्र विश्वासाने वापरायचं असेल, तर लेझर स्वस्त होण्याइतकंच हे गालांचं संदर्भदप्तर भरणं गरजेचं आहे, आणि त्यातला मोठा भाग इथल्याच माणसांकडून यावा लागेल.